स्टेअरिंगला टांगलेलं कडं

माय, तुझं चांदीचं कडं काल दिवस मावळेपर्यंत माझ्या नातीच्या मोटारीच्या स्टेअरिंगला टांगलेलं होतं. आता ते माझ्या उशाशी आहे, फडक्यात गुंडाळलेलं. तुला हे सांगायलाच हवं. कडं तुझं, आणि त्याची खरी हकीकत तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. तुला वाचता येत नव्हतं, मला धड लिहिता येत नाही; जोडी बरी जमली. अक्षराला नावं ठेवू नकोस, तिसरीतून काढून गुऱ्हाळावर तूच बसवलंस. तू जाऊन इतका काळ झाला की तुझ्या तेराव्याला अंगणात रांगणारी माझी पोरं आता गुडघ्यावर हात देऊन उठतात. तुला मोटार म्हणजे तालुक्याला जाणारी एसटी तेवढी माहीत. तिच्यातही तू पुढचा दांडा दोन्ही हातांनी आवळून बसायचीस, जशी काही गाडी तूच ओढतेयस. आता मोटारी वेगळ्या झाल्यात. त्यांना हाकणारा लागतो, आणि लागतही नाही.

थोरल्याची पोरगी सुरतेला असते. साडीवर छापायची नक्षी संगणकावर काढते. दर शनिवारी गाडी घेऊन गावी येते, सोमवारी पहाटे परत. दसऱ्याला तिनं नवी मोटार आणली. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि मग ती मला म्हणाली की ही गाडी अर्धी स्वतः चालते. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून मधोमध राहते, पुढच्या गाडीमागं अंतर ठेवून जाते, ती थांबली की थांबते. मी म्हटलं, "आनि तू काय करस?" तर म्हणे, "अर्धं मी करस, आजी." मी म्हटलं, "अर्धी भाकर कोनी थापस का व? थापनारी एकच ऱ्हास." हसली. आमच्या घरात माझं बोलणं हसण्यावारी नेतात. पण मला खरंच कळत नव्हतं की ते अर्धं कुठं संपतं. एखादी गोष्ट दोघींच्या हातात दिली की ती कुणाच्याच हातात नसते. दूध कितीदा असं उतू गेलंय आपल्या घरात, आठव. काकू म्हणायची तू बघतेयस, तू म्हणायचीस काकू बघतेय.

त्याच दिवशी मी तिला तुझं कडं दिलं. पोरीच्या हातात काही नसतं, एक काळं घड्याळ तेवढं. ती एकटी एवढ्या लांब जाते-येते, म्हणून माझ्या मनात आलं की घराण्याचं काही अंगावर असावं. दिलं आणि वर गोष्टही सांगितली, गावात सगळे सांगतात तीच. हे कडं तुझ्या पणजीच्या हातात होतं, उसाच्या चरकात हात गेला तेव्हा या कड्यानं तिला वाचवलं, ही बघ चेपल्याची खूण. पोरीनं ती खूण बोटानं चाचपली. घालून बघितलं, आणि म्हणाली, "आजी, हाई घाली काम कसं करू? टेबलवर खडखड वाजी." मग लाल नाडा घेऊन तिनं ते स्टेअरिंगला एका बाजूला बांधून टाकलं. "आठे ऱ्हाऊ दे. तुन्ही माय मन्ही गाडी सांभाळी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता पुढची गंमत ऐक. त्या गाडीला एक खोड आहे. ती स्वतः चालते, पण माणसानं स्टेअरिंग सोडलं की टुणटुण करते आणि समोरच्या काचेवर हातांचं चित्र दाखवते. हात ठेव, हात ठेव. तिला डोळे आहेत पण ते बाहेर लावलेत, आत कोण काय करतंय ते तिला दिसत नाही. चाकाला थोडी ओढ लागली की तिला वाटतं, हात आहे. तुझं कडं पावशेर चांदीचं. पहिल्याच फेरीत ती टुणटुणली नाही. पोरीनं सुरतेला पोचून फोन केला, "आजी, तुन्ही मायनी जादू करी टाकी! आते हाई वचवच करत नई." मला काही उमगलं नाही. मला वाटलं, आशीर्वाद लागला. शेजारणीलाही सांगितलं. कळलं ते परवा, सुरतेला जाताना तिच्या शेजारी बसले तेव्हा. मला डोळे दाखवायचे होते म्हणून ती रजा काढून मला न्यायला आली होती. नवापूरच्या पुढं, मोठ्या रस्त्यावर, बघते तर पोरीचे दोन्ही हात मांडीवर, स्टेअरिंग आपलं आपण हलतंय, आणि त्याला तुझं कडं लोंबतंय. त्या गाडीच्या लेखी गाडी तू हाकत होतीस, माय. इतक्या वर्षांपूर्वी मेलेली बाई.

मी म्हटलं, "गाडी कोन हाकी ऱ्हायनं?" ती म्हणाली, "घाबरू नको, मन्हं ध्यान शे." ध्यान होतंही, तेव्हा होतं. मी तिला बारकाईनं बघत होते. जुनी गाडी होती तेव्हा ही पोरगी स्टेअरिंगवर वाकून बसायची, हॉर्न वाजवायची, ट्रकवाल्यांना शिव्या घालायची, घरी आली की मान धरलेली असायची. आता स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखी बसते. शेंगा सोलते. तोंड माझ्याकडं करून बोलते. सून आली तेव्हाची मीच मला आठवले. पहिले दिवस मी ओसरीवर बसून आतल्या प्रत्येक भांड्याचा आवाज ऐकायचे. आता फोडणी पडली, आता झाकण ठेवलं. मग सून चांगली निघाली, आणि माझे कान हळूहळू आत जायचे बंद झाले. वाईट सुनेवर सासूचं लक्ष असतं. चांगल्या सुनेच्या घरात चुलीला आग लागली तरी सासूला धूर नाकात गेल्यावर कळतं. ही गाडी चांगली सून आहे, तेच मला खुपलं. आणि तऱ्हा बघ, आमच्या गावच्या रस्त्यावर ती प्रत्येक म्हशीला बघून दचकते, बांधावरच्या बोरीच्या फांदीलाही ब्रेक मारते, म्हणून पोरगी तिथं तिची ती सगळी अक्कल बंद करून ठेवते आणि स्वतः चालवते. जिथं म्हशी नाहीत, तिथं चालू करते आणि झोपाळ्यावर बसल्यासारखी बसते.

मला सारखं आपलं गुऱ्हाळ दिसत होतं. तू चरकाशी खड्ड्यात बसलेली, हाताशी उसाची मोळी, डोक्यावरून बैलांनी ओढायचं ते आडवं लाकूड फिरतंय, दर फेऱ्याला तू मान खाली घेतेस आणि तीन-चार ऊस त्या लोखंडी लाटांच्या तोंडात सारतेस. बैल आपले आपण फिरतायत. मागं माणूस नाही. त्यांना वाट काय शिकवायची, वाट गोलच. मी चिपाडं ओढून वाळत घालतेय आणि तू बैलांशी बोलतेयस. काय काय बोलायचीस! आजीचे, तुझ्या सासूचे, सगळे टोमणे त्या बैलांना पाठ होते. काकूनं तूप कुठं लपवलं तेही त्यांना ठाऊक होतं. मी एकदा म्हटलं, माय, ते बोलल्याशिवायही चालतात, मग कशाला घसा फोडतेस? तू चिपाडाचा एक फटका माझ्या पोटरीवर दिलास आणि म्हणालीस, "तो चालस ते चालू दे. मी जागी ऱ्हावाले बोलस." तेव्हा मला फटका तेवढा कळला.

आणि मग तो दिवस. तुला पडसं झालं होतं, घसा असा बसला होता की खूण करून पाणी मागत होतीस. त्या दिवशी गुऱ्हाळावर आवाज नव्हता. रसाची काहील रटरटतेय, चरक करकरतोय, बैल फिरतायत, आणि तू गप्प. माझी पाठ होती तुझ्याकडं. चरकाची करकर थांबली म्हणून मी वळले. तुझा डोळा लागला होता, हात उसाबरोबर गेला होता, दोन बोटांची पेरं चेचली होती आणि कडं लाटांच्या तोंडात अडकलं होतं. बैलांना ओढ जड लागली म्हणून ते उभे राहिले. तेवढंच झालं. पण गावानं त्याची पोथी केली. बाया कडं बघायला यायच्या. तान्ह्या पोरांच्या कपाळाला लावायच्या. कडानी वाचाडं, कडानी वाचाडं. तू चुलीपुढं बसून त्या तुटक्या बोटांनी भाकर थापायचीस, ती एका बाजूला जाड व्हायची, आणि तू काही बोलायची नाहीस. बोटं भरल्यावर पुन्हा चरकावर निघालीस तेव्हा कडं काढून खुंटीला अडकवलंस. आजी ओरडली, अगं, त्यानं तुझा हात वाचवला, ते घालून जा. तू दारातूनच म्हणालीस, "मंग आते कडाना भरोसावर हात घालू का?"

त्यानंतर तू मला चरकाशी शेजारी बसवायला लागलीस. बोल म्हणायचीस. काहीही बोल. मी बोलायचे, आणि बोलता बोलता माझाच डोळा लागायचा, की चिपाड पोटरीवर. ही सगळी गोष्ट मला ठाऊक होती, माय, तरी पोरीला देताना मी गावाचीच सांगितली. ती ऐकायला गोड आहे. तुझी गोष्ट सांगितली असती तर दागिना द्यायचं कारणच उरत नव्हतं.

काल परत येत होतो. सुरतेच्या डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या. सगळं जग तेलात पडल्यासारखं दिसत होतं. मोतीबिंदू आहे म्हणे, पिकू द्या. मी म्हटलं, पपई आहे का पिकायला? विसरवाडीला मोठा रस्ता सोडला, खांडबाऱ्यावरून नंदुरबारला आलो, तिथं चहा घेतला. पुढं प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवस मावळत होता. एरवी पोरगी मोठा रस्ता सोडला की गाडीची अक्कल बंद करते. काल नाही केली. पुढं एक टेम्पो एका चालीनं चालला होता, आमची गाडी त्याच्या मागं अंतर धरून, गाईमागं वासरू जावं तशी. टुणटुण नाही. कशी असेल, तुझा हात होता ना स्टेअरिंगवर. पोरगी डॉक्टरचा कागद मांडीवर घेऊन माझे रात्रीचे थेंब किती वाजता ते बघत होती. तेवढ्यात टेम्पो एकदम बाजूला झाला. आणि त्याच्यापुढं उसाची ट्रॉली. दिवा नाही, लाल फडकं नाही, मुंगीच्या चालीनं चाललेली, आणि ऊस मागं हातभर नव्हे, पुरुषभर बाहेर आलेला. पुढची हकीकत घरात सगळे सांगतात ती अशी: आजीनं "होऽ, होऽऽ!" म्हणून बैलांना थांबवायची हाक मारली, पोरीनं वर बघितलं, ब्रेक लागला, आणि गाडी उभी राहिली तेव्हा उसाची टोकं काचेला टेकलेली होती. समोरच्या काचेला, पोरीच्या बाजूला, बरोबर गळ्याच्या उंचीला. काच तडकली नाही. ट्रॉली पुढं निघून गेली. तिच्या हाकणाऱ्याला कळलंही नाही.

गाडी कडेला घेतली. मी म्हटलं, "ब्रेक तू दाबा का हिनी?" ती म्हणाली, "माले माहीत नई, आजी. पाय मन्हा पडना, पन गाडीबी थांबी ऱ्हायनती." विचार कर, माय. स्वतःचा जीव वाचला आणि कुणी वाचवला ते सांगता येत नाही. मग तिनं स्टेअरिंगकडं बघितलं. कडं अजून डोलत होतं. तिनं त्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला, आणि म्हणाली, "देखं? कडानी वाचाडं."

माझ्या अंगावर काटा आला. ट्रॉलीनं नव्हता आला तेवढा. तेच शब्द, तोच सूर. मी म्हटलं, सोड ते. आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, असं का करतेस, तुझ्या आईचं आहे. मग तिथंच, रस्त्याच्या कडेला, अंधुक डोळ्यांनी समोर बघत मी तिला तुझी गोष्ट सांगितली. गावाची नाही, तुझी. घसा बसल्याची. खुंटीची. दारातून काय म्हणालीस त्याची. म्हटलं, "हाई गाडी बोलस ते तुले जागी ठेवाले. तिन्हं तोंड तू बांधी टाकं, ते बी मन्ही मायना कडानी." ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग दसराले का बरं सांगं नई?" म्हटलं, मी म्हातारी आहे, देव नाही. तिनं नाडा सोडायला घेतला. गाठ ओढीनं आवळली होती, सुटेना. दातांनी सोडली. कडं माझ्या हातात घातलं तर ते कोपरापर्यंत गेलं. माझं मनगट आता तुझ्या मनगटाच्या निम्मं उरलंय.

पुढं निघालो. थोड्या वेळानं गाडी टुणटुणली, हातांचं चित्र आलं. पोरगी म्हणाली, "धरेल शे व माय, धरेल शे!" आणि दोघी हसलो. मग ती म्हणाली, आजी, तू बोल. काहीही बोल. मी बोलत राहिले. काकूच्या तुपाचं सांगितलं. प्रकाशाच्या पुलावर तापीचा गार वारा आला तेव्हा ती म्हणाली, "आते कडं नको. तूच मन्हं कडं. दर फेरीले मी तुले संगे लई जासू."

घरी तिनं सगळ्यांना माझ्या हाकेचं सांगितलं. डोळ्यांत औषध घातलेल्या बाईला तिन्हीसांजेला ट्रॉली कशी दिसली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. सून दृष्ट काढायला निघाली. शेजारीण आली आणि माझ्या पाया पडली, आजीच्या हाकेनं पोरगी वाचली म्हणे. मी गप्प बसले. तू अशा वेळी भाकर तरी थापायचीस. मला तेही काम उरलं नाही.

ते तुला सांगायला हे लिहायला बसले. मी ट्रॉली पाहिली नाही; टेम्पो बाजूला झाला तेही पोरीनंच सांगितलं. नंदुरबारचा चहा पोटात गेला, गाडी कशी रेशमासारखी चालली होती, आणि माझा डोळा लागला. मी ब्रेकच्या हिसक्यानं जागी झाले, पट्टा छातीला कचकन लागला, आणि मग तोंडातून "होऽ" निघालं. हाक नंतरची आहे. ती पोरीलाही आधीची आठवते. घाबरलेल्या माणसाला मागचं-पुढचं कळत नाही. तिच्याशी बोलून तिला जागं ठेवायचं म्हणून मी शेजारी बसणार आणि मीच घोरणार. तू तर मला ओळखतेस. तुझ्या हातात चिपाड होतं. तिच्या हातात काय आहे?

उद्या पहाटे ती निघायच्या आधी तिला सांगावं लागेल. नाहीतर कडं काढून मी स्वतःलाच तिथं टांगलं, दुसरं काय. ती चिडेल, किंवा हसेल. सांगताना माझं तोंड लहान होईल ते होऊ दे. हा कागद काही तिला देणार नाही, तो कड्याबरोबर फडक्यात राहील. आणि एक गोष्ट तिलाही सांगणार नाही, तुलाच सांगते. माय, झोप फार गोड लागली होती.